सोळाव्या किलोची किंमत

मुंबईहून दिल्लीला जाताना १५ किलोंपर्यंतच्या सामानाचे पैसे सहसा तिकिटातच धरलेले असतात. सोळाव्या किलोपासून मात्र काउंटरवर किलोमागे साधारण ५०० ते ७०० रुपये मोजावे लागतात. बॅग २० किलोंची भरली तर खिशाला अडीच ते साडेतीन हजारांची चाट. तिकीट सवलतीत चार-पाच हजारांना मिळालेलं असेल, तर पाच किलो सामानाने निम्मं तिकीट खाल्लं असं होतं. ‘ही सरळ लूट आहे,’ असं प्रवासी म्हणतात. ‘वजन वाढलं की इंधन वाढतं,’ असं कंपन्या म्हणतात. दोघांचंही म्हणणं कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं.

एक किलो उडवायला किती लागतं?

विमान जितकं जड, तितकं ते हवेत धरून ठेवायला इंधन जास्त. जेट विमानांसाठी एक ढोबळ नियम वापरतात: जादा वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के इंधन दर तासाला जास्त जळतं. म्हणजे एक किलो तासभर वाहून न्यायला ३० ते ४० ग्रॅम. मुंबई-दिल्ली फ्लाइट दोन तासांची धरली तर ६० ते ८० ग्रॅम. विमानाच्या इंधनाचा एक लिटर सुमारे ८०० ग्रॅम भरतो, म्हणजे हे झालं लिटरचा दहावा भाग, फार तर. लिटरला नव्वद-शंभर रुपये धरले, तरी सोळाव्या किलोचं इंधन दहा रुपयांच्या पुढे जात नाही.

लांबच्या प्रवासात हे गणित जड होतं. मुंबईहून अमेरिकेला पंधरा-सोळा तास उडायचं तर शेवटच्या तासांत लागणारं इंधनसुद्धा आधी वाहून न्यावं लागतं. तिथे एका किलोमागे अर्ध्या किलोहून जास्त इंधन सहज जातं. तरीही रक्कम शंभराच्या आसपासच राहते.

आता हाताळणीचा खर्च. बॅग पट्ट्यावर जाते, क्ष-किरणातून निघते, ट्रॉलीवर चढते आणि विमानाच्या पोटात लोडर ती हाताने रचतो. एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर चालत नाही, ते याच माणसाच्या पाठीसाठी. तुम्ही कितीही पैसे मोजायला तयार असलात तरी तिथे सूट नाही. पण ही सगळी मेहनत बॅगेमागे आहे, किलोमागे नाही. १५ किलोंची बॅग १८ किलोंची झाली म्हणून लोडरच्या फेऱ्या वाढत नाहीत. दुसरी बॅग आली तर वाढतात. म्हणजे किलोवर आकारलेला दर या खर्चाशीही नीट जुळत नाही.

राहिला सुरक्षेचा मुद्दा. ए-३२० निओ जातीच्या विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन ७९ टन असतं. १८६ प्रवाशांचं प्रत्येकी १५ किलो सामान धरलं तर ते भरतं पावणेतीन टनांच्या वर. एखाद्याचे पाच किलो यात कुठे दिसतही नाहीत. शिवाय प्रवाशांना सहसा कुणी काट्यावर उभं करत नाही. त्यांचं वजन ठरावीक सरासरीने धरतात. सामोआ एअर या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये प्रवाशाच्या वजनावर भाडं लावलं तेव्हा जगभर चर्चा झाली, पण मोठ्या कंपन्या त्या वाटेला गेल्या नाहीत. ५५ किलोंच्या बाईंना दोन किलो जादा सामानासाठी पैसे पडतात आणि शेजारच्या ९५ किलोंच्या गृहस्थांना पडत नाहीत, याचं उत्तर इंधनाच्या हिशेबात मिळणार नाही.

वजन खरोखर नडतं ते वेगळ्या ठिकाणी. लेहचा विमानतळ दहा हजार फुटांच्या वर आहे. तिथली हवा मुळात विरळ, ऊन चढलं की आणखी विरळ. २०२४ च्या जुलैत उष्म्यामुळे तिथली उड्डाणंच रद्द करावी लागली होती. कडक उन्हात आखूड धावपट्टीवरून निघणाऱ्या छोट्या विमानांचीही तीच गत. अशा वेळी पैसे भरलेलं सामानही मागे राहू शकतं. तिथे प्रश्न किलोंचाच असतो आणि तो रुपयांनी सुटत नाही.

मग बाकीचे पैसे कशाचे?

दहा रुपयांचं इंधन आणि सहाशेचा दर, यांच्या मधली रक्कम तीन कारणांनी उभी राहते.

पहिलं कारण अंदाजाचं. सगळे प्रवासी पूर्ण १५ किलो आणत नाहीत, हे कंपनीला माहीत असतं. उरलेल्या जागेत ती माल नेते आणि त्याचे पैसे कमावते. ऐन वेळी प्रत्येक जण पाच किलो जास्त घेऊन आला तर तो माल खाली ठेवावा लागेल आणि काउंटरची रांग लांबेल. स्वस्त विमानसेवेचा सगळा नफा विमान उतरल्यापासून अर्ध्या तासात पुन्हा उडवण्यावर उभा असतो. तेव्हा चढा दर हा बराचसा धाकाचा दर आहे. लोकांनी तो भरण्यापेक्षा सामान घरी ठेवावं किंवा आधी कळवावं, हा त्यामागचा हेतू.

दुसरं कारण तिकिटाच्या जाहिरातीचं. तिकीट शोधताना आपण सगळ्यात आधी भाड्याचा आकडा बघतो आणि त्यावरच कंपनी निवडतो. म्हणून तो आकडा खाली ठेवायचा आणि जागा, जेवण, सामान यांवर भर काढायची, ही रीत पडली.

तिसरं कारण सगळ्यात सरळ: काउंटरवर तुमच्याकडे पर्याय नसतो. फ्लाइट तासाभरात सुटणार, मागे रांग, पट्ट्यावरच्या आकड्यात १८.४ दिसतंय. दुसऱ्या कंपनीचा दर विचारायला जाता येत नाही. काउंटरवरची मुलगी एखाद्या किलोकडे काणाडोळा करते. त्यापुढे तिचाही नाइलाज असतो. मग बाजूला सरकून बॅग उघडायची आणि जड काय आहे ते शोधायचं. मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांची पंचाईत याहून मोठी. कुरडया-पापडांनी जागा अडते, पण वजन होतं ते गोडा मसाला, गूळ आणि लोणच्याचं. त्यातलं लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत टाकता येत नाही, कारण सुरक्षा तपासणीत ते द्रवपदार्थांत मोजतात आणि १०० मिलिलिटरवरची बरणी तिथेच राहते. अशा घडीला दर कितीही असला तरी माणूस कार्ड पुढे करतो.

हे सुरू कसं झालं?

जादा सामानाला पैसे हा प्रकार जुनाच. आंतरराष्ट्रीय प्रवासात बरीच वर्षं सर्रास चालणारा नियम असा होता की, एका जादा किलोला इकॉनॉमीच्या पूर्ण एकेरी भाड्याच्या दीड टक्के. त्यात एक तर्क होता: अंतर वाढलं, भाडं वाढलं, तर सामानाचाही दर वाढला. अमेरिकेच्या मार्गांवर वजनाऐवजी नगांची पद्धत रुजली, नगाला २३ किलो, म्हणजे ५० पौंड. तिथे एक बॅग २५ आणि दुसरी २१ किलोंची असेल तर बेरीज ४६ च होते, तरी पहिलीला दंड बसतो.

खरा बदल २००८ चा. त्या उन्हाळ्यात कच्च्या तेलाने पिंपाला १४७ डॉलरपर्यंत उडी मारली आणि अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने देशांतर्गत प्रवासात पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. बाकीच्यांनी अनुकरण केलं. पुढे तेल उतरलं, शुल्क उतरलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी केवळ सामानावर सात अब्ज डॉलरहून अधिक कमावले. यात करांचाही भाग आहे. तिथे देशांतर्गत भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर बसतो, सामानाच्या शुल्कावर बसत नाही. म्हणजे तेच पैसे भाड्याऐवजी बॅगेच्या नावाने घेतले तर कंपनीचे जास्त उरतात.

युरोपात प्रश्न न्यायालयात गेला. वेलिंग या स्पॅनिश कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये रेघ ओढली: पोटात टाकायच्या बॅगेला वेगळे पैसे घ्यायला हरकत नाही, पण वाजवी आकाराची हातातली बॅग हा प्रवासाचा अविभाज्य भाग आहे. याच मुद्द्यावर स्पेनने २०२४ मध्ये पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड केला.

आपल्याकडे काय झालं?

भारतात २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मर्यादा घातली: १५ ते २० किलोंच्या टप्प्यात किलोला १०० रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. तोवर खासगी कंपन्या ३०० च्या आसपास घेत. कंपन्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. आपल्या नियमांत दर ठरवण्याचं काम विमान कंपनीचं आहे. खर्च, सेवेचं स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर बघून तिने ते करायचं. त्यानंतर दर वाढत गेले. फुकट वजनाची हद्दही आकसली: २०१६ मध्ये २३ किलो नेणाऱ्या एअर इंडियाने २०२४ मध्ये सगळ्यात स्वस्त तिकिटावर ती १५ वर आणली.

उलट बाजूचंही सांगायला हवं. २०२१ मध्ये डीजीसीएने सामान न आणणाऱ्या प्रवाशाला स्वस्त तिकीट द्यायला परवानगी दिली. एअर इंडिया एक्सप्रेसने २०२४ मध्ये असं तिकीट आणलंही.

न्याय्य कशाला म्हणायचं?

सामानाला वेगळे पैसे घेणं अन्यायाचं आहे, असं मला वाटत नाही. एका दिवसासाठी पाठीवर सॅक टाकून जाणाऱ्याने दुसऱ्याच्या दोन सुटकेसचा भार का उचलावा? पण हाच तर्क शेवटपर्यंत नेला पाहिजे. जो आणत नाही त्याचं भाडं कमी होणार असेल, तरच जो आणतो त्याच्याकडून जास्त घेणं शोभतं. एकाकडून घ्यायचं आणि दुसऱ्याला काहीच परत द्यायचं नाही, हा नुसता भाडेवाढीचा आडमार्ग झाला.

रेल्वेचा नियम इथे बघण्यासारखा आहे. स्लीपरला ४० किलो फुकट. त्यावरचं सामान आधी नोंदवलं तर दीडपट दर. न नोंदवता सापडलं तर सहापट. दंड रेल्वेतही आहे, चांगला कडक आहे. पण साधा दर वेगळा, दंडाचा वेगळा आणि दोन्ही जाहीर. विमानातही आधी ऑनलाइन घेतलेले पाच किलो काउंटरपेक्षा स्वस्त पडतात, पण हा फरक तिकीट काढताना ठळक दिसत नाही. गोव्याला तासाभरात पोचणाऱ्याला आणि गुवाहाटीला जाणाऱ्याला किलोचा दर बहुधा एकच असतो, त्यालाही खर्चाचा आधार नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जादा किलोंचे पैसे भरले म्हणून कंपनीची जबाबदारी वाढत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवलं तर माँट्रियल करारानुसार भरपाई प्रवाशामागे मोजतात, किलोमागे नाही. डिसेंबर २०२४ पासून करारातली कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. त्याहून मौल्यवान काही नेत असाल तर काउंटरवर किमतीची खास घोषणा करावी लागते आणि त्याचे पैसे निराळे.

तेव्हा माझी कसोटी दराच्या आकड्याची नाही. तिकिटाचे पैसे भरण्याआधी, भाड्याच्या शेजारीच, सोळाव्या किलोचा आगाऊ दर आणि काउंटरचा दर दिसतो का? दिसत असेल तर चढा दरही ग्राहकाने निवडलेला असतो. दिसत नसेल तर शंभर रुपयेसुद्धा अडवून घेतलेले. सरकारने दर बांधावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. तो ठळकपणे छापायला लावण्यात वादाला जागा नाही.

तोवर हातात जेवढं आहे तेवढं करावं. घरच्या काट्यावर बॅग तोलावी. जास्त भरत असेल तर आदल्या रात्रीच ऑनलाइन किलो घ्यावेत. देशांतर्गत प्रवासात कुटुंबाचं तिकीट एकाच पीएनआरवर काढावं. बऱ्याच कंपन्या वजनाची बेरीज एकत्र धरतात आणि आजोबांच्या हलक्या बॅगेतले किलो नातवाच्या कामी येतात. अमेरिकेला जाताना मात्र प्रत्येक बॅग स्वतंत्र तोलावी, आणि लोणचं पहिल्यापासून मोठ्या बॅगेतच भरावं.