घरच्या वाइनमधला वायू आणि साका

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाजवळच्या बरवा अल बराहामध्ये मी राहतो आणि तिथल्याच एका गोदामात काम करतो. इथे येण्याआधी सात हंगाम नाशिकजवळच्या एका वाइनरीत सेलरमध्ये होतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी कॅनडातल्या मिसिसागाहून मावसभावाचा फोन येतो. तिकडे अजून गुरुवारची रात्र असते. त्याने घरी वाइन करायचा संच आणलाय: द्राक्षाच्या घट्ट रसाची पिशवी, यीस्ट आणि चार-पाच पुड्या. पाणी घालून २३ लिटर, म्हणजे साधारण ३० बाटल्या. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "दादा, बुडबुडे थांबले. आता बाटल्या भरू?"

त्याला जे सांगितलं तेच लिहितोय, कारण हे गैरसमज त्याच्या एकट्याचे नाहीत. माझ्या खोलीतली पोरंही तेच बोलतात, म्हणून आधी त्यांच्यासाठी कायद्याचं. कॅनडात स्वतःपुरती वाइन घरी करायला मुभा आहे. कतारमध्ये घरी दारू बनवणं गुन्हा आहे, मग ती द्राक्षाची असो की ज्यूसच्या खोक्यातली. त्यात नोकरी जाते, तुरुंग होऊ शकतो, घरी परत पाठवतात. महाराष्ट्रातही १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हे करता येत नाही. "विकायची नाही, आपल्यालाच प्यायची आहे," या बोलण्याला इथे काही अर्थ नाही. पुढचं सगळं समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

आता बुडबुड्यांचं. झाकणावरच्या एअरलॉकमधून बुडबुडे येणं म्हणजे आंबणं चालू आणि थांबणं म्हणजे संपलं, असं बहुतेकांना वाटतं. दोन्ही बाजूंनी हे चुकतं. झाकण नीट बसलं नसेल तर वायू फटीतून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. आत साखर शिल्लकच असते. उलट आंबणं केव्हाच संपलेलं असतं, पण खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे पुन्हा सुरू होतात. खरं काय ते द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. कोरड्या वाइनचा आकडा ०.९९६च्या आसपास किंवा त्याखाली यावा आणि लागोपाठ तीन दिवस तिथेच राहावा. भावाचा आकडा होता १.००४. त्या दिवशी बाटल्या भरल्या असत्या तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबली असती. मग बुचं उडतात किंवा काच फुटते.

"मग संच विकणाऱ्या दुकानदाराने वायू काढायला का सांगितलंय? आंबणं संपलं की वायूही संपला ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. इथे थोडा हिशेब करावा लागतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे जवळजवळ अर्धी साखर वायू होऊन जाते. २३ लिटरमध्ये साडेचार किलो साखर धरली तर दोन किलोहून जास्त वायू तयार होतो. खोलीच्या तापमानाला तो हजार लिटरहून अधिक जागा व्यापेल. त्यातला बहुतेक उडून जातो, पण वाइन त्याने पूर्ण भरलेली राहते: २० अंशांना लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ केली होती ना, तोच हा वायू. त्या दुधाळपणासारखा तो वाइनमध्ये दिसत नाही, पण जिभेला टोचतो. पाण्यात विरघळून तो कार्बोनिक आम्ल होतो, म्हणून नवी लाल वाइन आंबट, कडवट, चिरचिरीत लागते. कितीतरी जण तेवढ्यावर "बिघडली" म्हणून ती मोरीत ओततात. बिघडलेली नसते. वायू निघाला की तीच वाइन मऊ लागते.

लाकडी पिंपात वर्षभर ठेवलेल्या वाइनमधून वायू आपोआप निघतो. नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं येतात. तेव्हा भरलेल्या टाक्यांना आम्ही महिनोन्‌महिने वेळ देत असू आणि घाई असली तर खालून नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सोडत असू. पांढऱ्या वाइनमध्ये थोडा वायू मुद्दाम ठेवतात, त्याने ती ताजी लागते. संचाची वाइन मात्र चार ते आठ आठवड्यांत बाटलीत जाते. तिच्याकडे वर्ष नसतं, म्हणून वायू काढायला ढवळावं लागतं.

ढवळण्यातही एक गैरसमज आहे, की थंडीत ठेवली की वायू लवकर जातो. उलटं आहे. फ्रीजमधला सोडा उघडला तर जास्त वेळ फसफसत राहतो, कारण थंड पाणी वायू धरून ठेवतं. कॅनडातल्या तळघरात १५ अंशांना तासभर ढवळूनही फारसं काही होत नाही. बरणी २२ ते २४ अंशांवर आणली की काम सोपं होतं. आधी मेटाबायसल्फाइटची पुडी घालायची, म्हणजे ढवळताना शिरलेल्या हवेने वाइन तपकिरी पडत नाही. मग लांब दांडा आत घालून दिशा बदलत फिरवायचा, भोवरा होऊ न देता, कारण भोवरा हवा आत ओढतो. सुरुवात हळू करायची. ड्रिलला पाती लावून एकदम जोरात फिरवलं की फेस उसळून चार लिटर वाइन जमिनीवर जाते. एका दमात सगळं काढायचा हट्ट नको. काही मिनिटं ढवळायचं, थांबायचं, पुन्हा ढवळायचं, दोन दिवसांत चार-पाच वेळा.

निवळ करणाऱ्या पुड्यांबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की पूड टाकली की बाकी सगळं आपोआप होतं. वायू असेपर्यंत होत नाही. साका खाली बसायला निघतो, त्याच्या कणांना बारीक बुडबुडे चिकटतात आणि पुन्हा वर उचलतात. भावाने क्रम उलटा केला होता. पूड आधी, ढवळणं नंतर. दहा दिवसांनीही बरणी गढूळच.

पुड्यांचं काम जादूचं नाही, विद्युतभाराचं आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा तिचा धनभारित ॲल्युमिनियम मातीच्या ऋणभारित कणांना एकत्र आणतो आणि गोळे तळाशी बसतात. निवळीच्या बिया उगाळून पाणी स्वच्छ करायची आपली जुनी पद्धतही गढूळ कणांना एकत्र बांधूनच काम करते. वाइनमध्ये प्रथिनांवर धनभार असतो, म्हणून ऋणभाराची बेंटोनाइट माती त्यांना धरते. यीस्टसारख्या कणांसाठी केसेलसॉल म्हणजे ऋणभारित सिलिका आणि कायटोसान म्हणजे धनभारित पदार्थ एकामागून एक घालतात, मध्ये सांगितलेलं अंतर ठेवून. दोन्ही एकदम मिसळले तर ते एकमेकांनाच बांधून बसतात. पूड जास्त घातली तर वाइन जास्त निवळ होते असंही नाही. रंग आणि वास मात्र तिच्याबरोबर खाली जातात.

बेंटोनाइटचं नाव काढलं की इथली पोरं लगेच म्हणतात, "ते तर आमच्याकडे पोत्यांनी आहे." खरं आहे. पायलिंगच्या खड्ड्यात आणि अर्थिंगमध्ये तीच माती वापरतात. पण ती खाण्याच्या प्रतीची नसते. तिच्यात काय मिसळलंय हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. ती तोंडात जाणाऱ्या कशातही घालू नका.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट. वाइन द्राक्षाची म्हणून शाकाहारीच, हे गृहीत धरू नका. कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात, आयसिंग्लास माशाच्या पिशवीपासून आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून. बुरशीपासून केलेलं कायटोसानही मिळतं. माझी मावशी मासे खात नाही. भावाने पुडीवरचं वाचून दुसरी मागवली, ते मला बरं वाटलं.

सॉर्बेटच्या पुडीने यीस्ट मरतं, हाही समज पक्का बसलेला आहे. ते यीस्टला वाढू देत नाही, एवढंच. चालू असलेलं आंबणं त्याने थांबत नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. "निवळ आहे, म्हणजे शुद्ध आहे," हे वाक्य मी इथे आणि गावी दोन्हीकडे ऐकलंय. विषारी मिथेनॉल पाण्यासारखंच निवळ दिसतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला ते मिसळलेली दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या कुवेतमध्ये तशाच दारूने २३ जण गेले, बहुतेक आपल्यासारखेच आशियातून आलेले कामगार. फळांच्या साध्या आंबण्यातून पेक्टिनमुळे मिथेनॉल फार थोडं तयार होतं. जीव घेतं ते बहुतेक वेळा कारखान्यातलं अल्कोहोल दारूत मिसळलं जाणं. कुठलीही पूड, फडकं किंवा गाळणी ते वेगळं करू शकत नाही. प्यायल्यावर काही तासांनी नजर धूसर झाली, पोट दुखलं, श्वास जड झाला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. कायद्याची भीती वाटते म्हणून खोलीत झोपून राहू नका. उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो.

काल भावाने पुन्हा फोन केला. आकडा ०.९९४, तीन दिवस तोच. त्याला नळीत अर्ध्यापर्यंत वाइन घ्यायला लावली, तोंडावर अंगठा दाबून हलवायला सांगितलं आणि फोन जवळ धरून अंगठा सोडायला सांगितलं. "फुस्स" ऐकू आलं, बारीक, पण आलं. म्हटलं, अजून दोन दिवस ढवळ. निवळ करणाऱ्या नव्या पुडीला तोवर हात लावू नकोस.