पांढऱ्या पायांचं कुत्रं

डुक्कर आपणहून घरात आलं तर दारिद्र्य येतं, कुत्रं आलं तर पैसा, अशी चिनी म्हण आहे. मांजराबद्दल मात्र एकमत नाही. कुणी म्हणतं नवं घर बांधाल, कुणी म्हणतं सुतकाचं कापड नेसाल.

तैवानमधल्या शिंचू शहरात माझ्या मागे मागे एक काळं पिल्लू घरापर्यंत आलं, तेव्हा ही म्हण मला उपयोगी पडली. शेजारच्या आमांनी (आजीला इथे आमा म्हणतात) त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाय पाहिले. चारही पंजे पांढरे! "हे नको गं," म्हणाल्या. पांढरा हा इकडे सुतकाचा रंग. असं कुत्रं घराला दुखवटा लावतं. मला नवल वाटलं नाही. सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणून हिणवणारी माणसं मी आपल्याकडेही पाहिली आहेत. इथल्या होक्किएन बोलीतही अपशकुनी माणसाला अगदी हेच म्हणतात.

जुन्या चिनी शकुनशास्त्राचे नियम मात्र फार बारीक आहेत. काळ्या कुत्र्याचे पुढचे दोनच पाय पांढरे असले, तर ते वंशवृद्धीला उत्तम! कान पांढरे असले तर तो कुत्र्यांचा राजा, मालकाला श्रीमंत करणारा. पांढऱ्या कुत्र्याचं डोकं काळं तर धनलाभ, शेपूट काळी तर पिढ्यान् पिढ्या दारात गाडी. कुत्री व्यायली की पिल्लं मोजायची: चार झाली तर पिवळं ठेवायचं, सात झाली तर काळं, आठ झाली तर पांढरं. म्हणजे पुढचे पाय शुभ असूनही माझं पिल्लू फक्त मागच्या दोन पंजांमुळे नापास झालं होतं.

"पण आमा, हे आपणहून आलंय," मी म्हटलं. त्या विचारात पडल्या. मग तडजोड निघाली: नाव लायफू ठेवायचं, म्हणजे 'भाग्य आलं'. गल्लीत या नावाची आणखीही कुत्री आहेत.

या सगळ्यात खरा बळी काळ्या कुत्र्याचा गेला आहे. त्याच्या रक्ताने भुतंखेतं पळतात, करणी उतरते असा समज. हाँगकाँगच्या जुन्या भूतपटांतही ते दिसतं. कुत्र्याने पीडा अडवण्याची ही कल्पना फार जुनी. इ.स.पू. 676 मध्ये प्राचीन चीनमधल्या छिन राज्याच्या 'द' नावाच्या अधिपतीने उन्हाळ्यातली रोगराई वेशीबाहेर ठेवण्यासाठी राजधानीच्या चारही वेशींवर कुत्री मारली, अशी नोंद आहे. राखणदार म्हणून त्याच्यावर एवढा विश्वास, आणि त्यापायी जीवही त्याचाच घ्यायचा, हे गणित मला अजून पटलेलं नाही.