फोन आणि कार्ड : एका खुंटीवर दोन किल्ल्या

सरकारी कोषागाराची पेटी ज्यांनीं कधीं उघडतांना पाहिली असेल, त्यांस तेथील दुहेरी कुलुपाची पद्धत ठाऊक असेल. पेटी एकच, पण तिला कुलुपें दोन. एक किल्ली एकाच्या ताब्यांत व दुसरी दुसऱ्याच्या. दोघेही हजर झाल्याखेरीज पेटी उघडत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां ही पद्धत प्रस्तुत लेखकानें अनेक वर्षें पाहिली, आणि ती घालून देणाराच्या शहाणपणाचें त्यास नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

आज प्रत्येक खातेदार शेतकऱ्यापाशीं अशीच एक दुहेरी कुलुपाची पेटी आहे. परंतु तिच्या दोन्ही किल्ल्या बहुतेक जण एकाच खुंटीला अडकवून ठेवितात. फोनच्या पाकिटवजा कव्हरांत बँकेचें कार्ड, फोनच्या पोटांत सिम कार्ड, आणि बँकेच्या कार्डामागें चिठोऱ्यावर लिहून ठेवलेला पिन, असा थाट बाजाराच्या दिवशीं कोठेंही दृष्टीस पडतो. हा थाट घातक कां, हीं कार्डें आंतून काय काम करितात, आणि तीं फोनमध्यें अडकलीं अथवा फोनबरोबर हरवलीं तर काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

दोन भावंडें

बँकेचें कार्ड व सिम कार्ड हीं एकाच घराण्यांतलीं आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पहिलें सिम कार्ड १९९१ सालीं जर्मनींतील म्यूनिक येथील गीझेके व डेव्रिएंट या कंपनीनें फिनलंडमधील एका फोन कंपनीसाठीं तयार केलें. तें आकारानें हुबेहूब बँकेच्या कार्डाएवढें, म्हणजे ८५.६ मिलिमीटर लांब व ५४ मिलिमीटर रुंद होतें. पुढें फोन जसजसे आटोपशीर होत गेले तसतशी सभोंवारची प्लास्टिकची पट्टी कापली गेली. प्रथम २५ गुणिले १५ मिलिमीटर, मग १५ गुणिले १२, आणि हल्लीं बहुतेक फोनांत चालतें तें १२.३ गुणिले ८.८ मिलिमीटरचें नॅनो सिम. कापलें गेलें तें केवळ प्लास्टिक. मधला सोनेरी चौकोन व त्याखालची चिप हाच खरा जीव होय.

ही चिप म्हणजे एक लहानसें हिशेब करणारें यंत्र आहे. तिच्या पोटांत एक गुप्त संख्या साठविलेली असते, व ती संख्या कधींही बाहेर येत नाहीं. फोन सुरू केला कीं कंपनीचें केंद्र कार्डाकडे एक भलताच आंकडा धाडतें. कार्ड आपल्या गुप्त संख्येच्या साह्यानें हिशेब करून उत्तर देतें. केंद्रानें तोच हिशेब आपल्याकडे केलेला असतो. उत्तरें जुळलीं म्हणजे फोनला प्रवेश मिळतो. बँकेच्या कार्डावरील चिपही प्रत्येक व्यवहाराला असेंच नवें उत्तर काढून देते. जुन्या कार्डांच्या पाठीवर केवळ काळी चुंबकीय पट्टी असे. तिच्यावरील मजकूर नेहमीं एकच असल्यामुळें त्याची नक्कल करणें सोपें जाई. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनें २०१८ अखेर सर्व कार्डें चिपचीं करण्याचा हुकूम दिला होता.

आतां दुहेरी कुलूप कसें तें पाहूं. यंत्रावर खरेदी करितांना कार्ड ही एक किल्ली व मनांत ठेवलेला पिन ही दुसरी. घरबसल्या फोनवरून पैसे धाडतांना पुष्कळदां बँक ओटीपी पाठविते. तो आपल्या फोन नंबरावर येतो, आणि नंबर राहतो तो सिम कार्डांत, फोनमध्यें नव्हे. तेव्हां सिम हीही एक किल्लीच ठरते. चोरानें फोन उघडला नाहीं तरी सिम काढून दुसऱ्या फोनांत घातलें, कीं ओटीपी त्याच्या हातांत पडतात. त्याच कव्हरांत बँकेचें कार्डही असलें, म्हणजे पेटी व दोन्ही किल्ल्या आपण एकाच दोरीला बांधून दिल्यासारखें झालें.

सिम अडकतें कसें

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे. नवा फोन घेतला तेव्हां जुनें बारीक सिम मोठ्या खांचेंत बसेना. म्हणून दुकानांत मिळणारी प्लास्टिकची चौकट, जिला अॅडॉप्टर म्हणतात, तिच्यांत सिम बसवून तें फोनमध्यें सरकविलें. फोन चालला. महिन्यानें कार्ड काढावयास गेलों तों मधलें सिम चौकटींतून निसटून आंतच राहिलें, आणि चौकटीची कड आंतील नाजूक तारांत गुंतली. रागाच्या भरांत चिमट्यानें ओढलें. दोन तारा वांकल्या. फोन दुरुस्तीस गेला तो आठ दिवसांनीं परत आला. त्या आठ दिवसांत पी. एम. किसानच्या ई-केवायसीचा ओटीपी घेतां आला नाहीं, व खतांसाठीं पैसे धाडावयाचे तेही अडून राहिले. नुकसान चिमट्यानें केलें, आणि चिमटा माझ्या उतावळेपणानें चालविला.

अडकण्याचीं मुख्य कारणें चार आहेत. एक, वरप्रमाणें मोकळी चौकट वापरणें. दुसरें, मोठें सिम कात्रीनें कापून लहान करणें. नॅनो सिमची जाडी ०.६७ मिलिमीटर असून जुन्या आकारांची ०.७६ मिलिमीटर असते, सबब कापलेलें कार्ड खांचेंत दाटून बसतें. तिसरें, कार्ड उलटें किंवा आडवें घालणें; कार्डाचा एक कोपरा तिरपा कापलेला असतो तो याचसाठीं. चौथें, फोटो साठविण्याचें मायक्रो एसडी कार्ड भलत्या खांचेंत घालणें. तें १५ गुणिले ११ मिलिमीटरचें, म्हणजे मायक्रो सिमशीं जवळजवळ मिळतें असल्यामुळें डोळा फसतो. पण तें १ मिलिमीटर जाड असल्यानें रुतून बसतें.

अडकलें असतां प्रथम फोन बंद करावा. ट्रेच्या फोनांत बारीक भोंकांत सुई सरळ रेषेंत दाबावी. मात्र तें भोंक ट्रेच्या शेजारचेंच आहे ना, हें आधीं नीट पाहावें, कारण आवाज घेणाऱ्या मायक्रोफोनचेंही तसेंच बारीक भोंक असतें, व त्यांत सुई खुपसली तर फोन बहिरा होतो. ट्रे अर्धा येऊन थांबला तर ओढूं नये. तो परत आंत ढकलून फोन पालथा करून पुन्हां प्रयत्न करावा. चौकट तारांत गुंतली असेल तर गुळगुळीत, पातळ व ताठ प्लास्टिकची अरुंद पट्टी कार्ड व तारा यांच्यामधून हलके हातीं सरकवावी. तारा दबल्या म्हणजे पट्टी व कार्ड मिळून बाहेर काढावीं. लोखंडी चिमटा, गोंद, तेल यांचा प्रयोग करूं नये. दोन प्रयत्नांत न आलें तर दुरुस्ती करणाराकडे जावें. सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे चौकट व कात्री दोहोंसही रजा देऊन, आपल्या फोनच्या मापाचें नवें सिम कंपनीच्या दुकानांतून त्याच नंबरावर बदलून घेणें.

दुकानांतील यंत्र

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ सालीं सुरू झाली, व २०१२ मधील सुधारणेनंतर तें एटीएममध्यें व दुकानांत चालणारें कार्ड झालें. त्यामुळें बियाणें व खतांच्या दुकानांत स्वाइप मशीनशीं आपला संबंध वारंवार येतो. कांहीं ठिकाणीं तें यंत्र तळहाताएवढें असून ब्लूटूथनें दुकानदाराच्या स्मार्टफोनला जोडलेलें असतें. कांहीं ठिकाणीं तर दुकानदाराचा फोनच यंत्राचें काम करितो व त्यास कार्ड नुसतें टेंकवावें लागतें. टेंकवून व्यवहार होतो तो सुमारें ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या अंतरावरून. ज्या कार्डावर चार कमानींची खूण आहे, तेंच असें चालतें. दोन कार्डें एकाच पाकिटांत ठेवून टेंकविलीं तर यंत्र गोंधळतें, किंवा नको त्या कार्डावरून रक्कम जाते. म्हणून कार्ड वेगळें काढूनच टेंकवावें.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनें अशा टेंकविण्याच्या व्यवहारांत पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत रक्कम देण्यास मुभा दिली आहे. म्हणजे तेवढ्यापुरतें दुसरें कुलूप लावलेलेंच नाहीं. ही सोय ज्यांस नको असेल त्यांनीं बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेंत अर्ज देऊन ती बंद करावी, अथवा मर्यादा कमी करून घ्यावी. तो हक्क खातेदाराचा आहे.

यंत्रावरील रक्कम स्वतः वाचावी, आणि मगच पिन स्वतःच्या बोटानें दाबावा. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी पिन तोंडानें सांगूं नये. रक्कम खात्यांतून गेली पण रेंज नसल्यानें पावती निघाली नाहीं, असें कधीं कधीं होतें. अशा वेळीं घाईनें दुसऱ्यांदां कार्ड लावूं नये. आधीं खातें तपासावें. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणें अशी रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांचे आंत आपोआप परत यावयास पाहिजे, व त्यापुढें उशीर झाल्यास दररोज १०० रुपयांप्रमाणें भरपाई मिळते. तारीख, वेळ व रक्कम टिपून ठेविली असली म्हणजे अर्ज करणें सोपें जातें. तोंडी तक्रारीला दप्तरांत जागा नसते, हा अनुभव सर्वांसच आहे.

किल्ल्या वेगळ्या कशा ठेवाव्या

प्रथम, बँकेचें कार्ड फोनच्या कव्हरांतून आजच काढावें. कव्हराच्या झांकणाला लोहचुंबक असेल तर कार्डाची काळी पट्टीही त्यानें बिघडूं शकते, हें दुसरें कारण. पिन लिहून ठेवूं नये.

दुसरें, सिमला स्वतःचा पिन लावून घ्यावा. ही सोय फोनच्या सेटिंगमध्यें असते. ती असली म्हणजे चोरानें सिम दुसऱ्या फोनांत घातलें तरी पिन दिल्यावांचून तें चालत नाहीं. मात्र कंपनीनें मुळांत दिलेला पिन कोणता तें आधीं विचारून घ्यावें. अंदाजानें आंकडे दाबूं नयेत. तीन वेळां चुकलें कीं सिम बंद पडून ८ आंकडी पीयूके मागतें. तो कंपनीकडून मिळतो. परंतु तोही दहा वेळां चुकला तर तें कार्ड कायमचें निकामी होतें.

तिसरें, फोनवर *#०६# दाबलें असतां १५ आंकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो घरच्या दप्तरांत सातबाराच्या उताऱ्याशेजारीं लिहून ठेवावा.

फोन हरवलाच, तर क्रम असा ठेवावा : दुसऱ्या फोनवरून प्रथम सिम बंद करवावें, लागलीच बँकेला कळवून कार्ड व फोनवरील व्यवहार थांबवावे, नंतर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी या पोर्टलवर आयएमईआय नंबर देऊन फोन बंद करवावा. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. तेथें घटकेघटकेला महत्त्व आहे. आपल्या नांवावर दुसऱ्या कोणीं सिमें घेतलीं आहेत काय, हेंही त्याच पोर्टलवर पाहतां येतें.

फोन हातांत असूनही किल्ली चोरीस जाऊं शकते. लुच्चे लोक खोट्या कागदांवर आपल्याच नंबराचें दुसरें सिम काढितात. तें सुरू झालें कीं आपलें मरतें. शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज असून आपला तासन्‌तास मुका राहिला, तर ती हवेची चूक न समजतां कंपनीकडे व बँकेकडे लगेच चौकशी करावी.

आपले वडील घराबाहेर जातांना कणगीची किल्ली कडोसरीला व पेटीची किल्ली घरांतील वडीलधाऱ्या बाईपाशीं ठेवीत असत. त्यांना चिप ठाऊक नव्हती, पण दोन किल्ल्या एका हातांत नसाव्या हें ठाऊक होतें. सुज्ञ वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपल्या फोनचें कव्हर एकदां उघडून पाहावें, व तेथें कार्ड सांपडल्यास तें तेवढें काढून ठेवावें, अशी विनंती करून हा लेख पुरा करितों.