बटण दाबल्यानंतरचा क्षण

चेन्नईला अंदमान-निकोबार बेटांशी जोडणारी काचतंतूंची केबल समुद्राच्या तळाशी पसरलेली आहे. सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या या केबलचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२० रोजी झाले. तत्पूर्वी बेटांची मदार मुख्यतः उपग्रहावर होती. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे त्याच्यामार्गे संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत निदान अर्धा सेकंद लोटे. उलट, काचतंतूतून प्रकाश या केबलची सारी लांबी अवघ्या बारा सहस्रांश सेकंदात ओलांडू शकतो.

असे असूनही संकेतस्थळावरील बटण दाबावे आणि पडदा निश्चल राहावा, हा अनुभव येतोच. याचे कारण पुष्कळदा समुद्रात नसते, हातातील फोनमध्येच असते. ब्राउझरमध्ये एका पानाची बहुतेक कामे जणू एकाच कारकुनाच्या मेजावरून जातात. हिशेब करणे, चित्रे मांडणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, सारे त्याच्याचकडे. तो लांबलचक हिशेबात गुंतला, म्हणजे खिडकीशी आलेल्या माणसाला 'थांबा' म्हणण्यासही त्याला सवड उरत नाही. बटण लागले नाही असे समजून माणूस ते पुन्हा दाबतो. आणि रचना सदोष असेल, तर एकच अर्ज दोनदा जातो, क्वचित पैसेही दोनदा कापले जातात.

यावर उपाय आहेत. पन्नास मिलिसेकंदांहून लांब चालणारे काम तुकड्यांत विभागावे, म्हणजे मधल्या विरामात स्पर्शाची दखल घेता येते. बटण दाबताच ते मंद करून 'अर्ज पाठवला जात आहे' एवढे आधी दाखवावे. उरलेले काम मागाहून करावे. अवजड हिशेब दुसऱ्या मदतनीस धाग्याकडे सोपवावा आणि अनावश्यक जाहिराती व मोजणीयंत्रणा काढून टाकाव्यात.

स्पर्शापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा हा काळ मोजण्याचे माप गूगलने १२ मार्च २०२४ पासून संकेतस्थळांच्या प्रमुख निकषांत घेतले. दोनशे मिलिसेकंदांपर्यंतचा प्रतिसाद चांगला आणि पाचशेहून अधिकचा वाईट समजला जातो. मात्र ही परीक्षा कचेरीतील उत्तम संगणकावर घेऊन भागत नाही. ती बेटावरील स्वस्त फोनवर घ्यावयास हवी. समुद्राने लावलेला विलंब केबलने बव्हंशी मिटविला आहे. उरलेला विलंब पान रचणाऱ्याच्या हातचा आहे, आणि तो दूर करण्यास नवी केबल लागत नाही.