उजेड मुरतो कुठे?

सोळाव्या शतकात मेक्सिकोहून स्पेनमध्ये एक औषधी लाकूड येऊ लागलं. मूत्रपिंडाच्या तक्रारींवर त्याचं पाणी प्यायला देत. सेव्हिलच्या निकोलस मोनार्देस या वैद्याने 1565 मध्ये लिहून ठेवलं की लाकडाचे तुकडे पाण्यात टाकले की थोड्या वेळाने पाण्यावर निळी झाक येते. पुढे शंभरेक वर्षांनी, 1664 मध्ये, रॉबर्ट बॉइलने त्याच पाण्यात आम्लाचे थेंब टाकले. निळाई गेली. मग अल्क टाकला, तर ती परत आली. ही निळाई मुळात कुठून येते हे बॉइलला सांगता आलं नाही. ती घालवायची कशी आणि परत आणायची कशी, एवढं मात्र त्याने दाखवून दिलं. त्या निळाईमागचा रेणू नेमका कोणता, हे स्पेनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी उलगडलं ते थेट 2009 मध्ये. गंमत म्हणजे तो रेणू झाडात नसतोच. लाकडातला दुसरा एक पदार्थ किंचित अल्कधर्मी पाण्यात उतरला आणि त्याला हवा लागली की मग तो तयार होतो. आपल्याकडे बिबळ्याच्या लाकडाचे पेले मधुमेहावरचा उपाय म्हणून विकतात. त्यातलं रात्रभर मुरलेलं पाणी उन्हात धरलं तर तिथेही निळसर छटा दिसते. औषधाचं काय ते वैद्यांनी ठरवावं, छटा मात्र खरी आहे.

अशा चमकेला फ्लुओरेसन्स म्हणतात. त्याचा इतिहास बहुतेक वेळा चमकणाऱ्या पदार्थांची यादी म्हणून सांगितला जातो. मला तो उलट बाजूने वाचावासा वाटतो. या विषयातली जवळजवळ प्रत्येक मोठी झेप ‘हा पदार्थ का चमकतो’ या प्रश्नातून आलेली नाही, ‘हा चमकायला हवा होता, मग उजेड मुरला कुठे’ या प्रश्नातून आली आहे. बॉइलने नकळत तिथूनच सुरुवात केली होती.

शास्त्रशुद्ध पाया घातला जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने, 1852 मध्ये, केंब्रिजला. क्विनाइनच्या द्रावणाची निळी चमक त्याआधी सात वर्षं जॉन हर्शेलने नोंदवली होती. स्टोक्सने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि क्विनाइनची नळी लाल टोकाकडून जांभळ्याकडे सरकवत नेली. जांभळा संपला, पुढे डोळ्याला नुसता अंधार, आणि तिथे नळी चमकू लागली. अदृश्य प्रकाश आत शिरत होता आणि दृश्य प्रकाश बाहेर पडत होता; बाहेर येणाऱ्याची तरंगलांबी आत गेलेल्यापेक्षा जास्त होती. त्याची साधनं आजच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा इतकी साधी होती: एका बाजूला चर्चच्या खिडकीतली निळी काच, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या वाइनचा ग्लास. दोन गाळण्या झाल्या. क्लोराइडमुळे क्विनाइनची चमक मरते हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. टॉनिक वॉटर, अतिनील टॉर्च आणि चिमूटभर मीठ एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग आज घरी करता येतो. पुढच्या वर्षीच्या लेखात त्याने आणखी एक नोंद केली. काही क्षार घनरूपात चमकतात, पण विरघळवले की नाही. ही नोंद जवळजवळ दीडशे वर्षं तशीच पडून राहिली. तिच्याकडे पुन्हा येऊ.

1871 मध्ये आडोल्फ फॉन बायरने फ्लुओरेसीन बनवलं. सहा वर्षांत ते एका खऱ्याखुऱ्या ‘पाणी मुरतंय कुठे’ या वादात कामाला आलं. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबचं पाणी नदीच्या पात्रातच गडप होतं. बारा किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा आहे. त्याचं पाणी ऱ्हाइनला जाऊन मिळतं. ऑक्टोबर 1877 मध्ये डॅन्यूबमध्ये दहा किलो फ्लुओरेसीन ओतलं. साधारण साठ तासांनी आखचा झरा हिरवागार चमकू लागला. काळ्या समुद्राला जाणाऱ्या नदीचं पाणी जमिनीखालून उत्तर समुद्राची वाट धरत होतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिशोब नीट मांडला गेला. 1919 मध्ये स्टर्न आणि फोल्मर यांनी चमक विझवणाऱ्या पदार्थाचं प्रमाण आणि उरलेला उजेड यांचं समीकरण दिलं. वाविलोवने 1924 मध्ये क्वांटम यील्ड मोजलं, म्हणजे रेणूंनी शंभर फोटॉन गिळले तर त्यांतले किती प्रकाश म्हणून परत आले. याब्वोन्स्कीने 1933 मध्ये ऊर्जेच्या पायऱ्यांची ती आकृती काढली, जी आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. गोष्ट थोडक्यात अशी. प्रकाश गिळलेला रेणू उत्तेजित अवस्थेत सहसा काही नॅनोसेकंदच टिकतो. तेवढ्यात त्याला ऊर्जा टाकायची असते आणि वाटा अनेक असतात. प्रकाश देणं ही त्यांतली फक्त एक. कंपनं वाढवून ऊर्जेची उष्णता करून टाकणं, शेजाऱ्याच्या गळ्यात घालणं, इलेक्ट्रॉनची देवघेव करणं, ‘ट्रिपलेट’ नावाच्या अवस्थेत अडकून पडणं या बाकीच्या. अल्कधर्मी पाण्यातलं फ्लुओरेसीन शंभरातले नव्वदहून अधिक फोटॉन परत देतं. सौम्य सल्फ्युरिक आम्लातलं क्विनाइन साधारण चौपन्न. बहुतेक रंगद्रव्यांचा हिशोब शून्याच्या जवळपास येतो.

इथे भारताचा एक धागा आहे, आणि तो सुरू होतो फ्लुओरेसन्सला नकार देण्यापासून. 1923 मध्ये कोलकात्यात रामन यांचे सहकारी रामनाथन शुद्ध द्रवांनी विखुरलेला प्रकाश तपासत होते. त्यात रंग बदललेला एक अंधुक अंश दिसला. अशुद्धीमुळे आलेला क्षीण फ्लुओरेसन्स असावा असं समजून त्यांनी द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला, पण तो अंश जाईना. पुढे तो ध्रुवित असल्याचं स्पष्ट झालं. साध्या द्रवातला फ्लुओरेसन्स असा वागत नाही. 28 फेब्रुवारी 1928 ही तारीख आपण विज्ञान दिन म्हणून साजरी करतो ती या वेगळेपणामुळे, म्हणजेच रामन परिणामामुळे. आजही रामन वर्णपट घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा वैताग कोणता विचारा. नमुना चमकतो आणि त्या चमकेत रामनच्या रेषा बुडून जातात.

रामन यांनी मग बंगळुरूला हिऱ्यांच्या चमकेचा अभ्यास मांडला आणि त्यात 1940 पासून काम केलं अ‍ॅना मणी यांनी. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी घेतले. चमक इतकी मंद की एका फोटोग्राफिक प्लेटला पंधरा-वीस तास प्रकाश खाऊ घालावा लागे. काही हिरे निळे चमकत, काही जवळजवळ नाहीच. आज आपण जाणतो की हा फरक स्फटिकातल्या नायट्रोजनच्या अणूंचा आणि रिकाम्या जागांचा आहे. त्या कामावर त्यांचे पाच शोधनिबंध निघाले, प्रबंधही तयार झाला. पण एमएस्सीची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. हवामानखात्याचा फायदा झाला यात शंका नाही. पण हिऱ्यातल्या अशाच एका दोषाची, नायट्रोजन आणि शेजारच्या रिकाम्या जागेची, लाल चमक वापरून आज सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रं मोजतात, हे पाहिलं की त्या कागदावरच्या अटीचा राग येतो.

युद्धोत्तर काळात थिओडोर फर्स्टरने दोन मोठी कामं केली. पहिलं, रेणू उजेड न सोडताच शेजाऱ्याला ऊर्जा कशी देतो याचा सिद्धांत. अंतराच्या सहाव्या घाताने ती देवघेव घटते. म्हणजे चमक किती विझली यावरून काही नॅनोमीटरचं अंतर मोजता येतं, आणि 1967 पासून जीवरसायनशास्त्रज्ञ प्रथिनांत तशी अंतरं मोजू लागले. दुसरं काम 1954 चं, कास्परबरोबरचं. पायरीनचं द्रावण घट्ट करत गेलं की त्याची जांभळी चमक मंदावते. रेणू एकमेकांना चिकटले की उजेड मरतो हा धडा पन्नास वर्षं पाठ केला गेला. औद्योगिक रसायनशास्त्रज्ञ त्यावर उपाय म्हणून रेणूंना अवजड बाजूगट जोडून एकमेकांपासून दूर ठेवत राहिले.

मग 2001 आलं. हाँगकाँगच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात बेन झोंग तांग यांच्या गटात सिलोल जातीच्या एका संयुगावर काम चालू होतं. पदार्थ वेगळे करून पाहण्याच्या टीएलसी प्लेटवर टाकलेला ओला ठिपका अतिनील दिव्याखाली दिसेना. तो वाळला आणि चमकला. नेहमीच्या सवयीने कुणी प्लेट टाकून दिली असती. या गटाने नेमकं हेच वेगळं काढलं. द्रावणात या रेणूची फिनाइल वलयं गरगर फिरतात आणि सगळी ऊर्जा त्या फिरण्यात जाते. घन अवस्थेत दाटी झाली की वलयांना हलायला जागा उरत नाही, आणि मग प्रकाश सोडण्यावाचून रेणूला गत्यंतर नसतं. वलयं पंख्याच्या पात्यांसारखी वाकडी बसल्यामुळे रेणू एकमेकांना सपाट चिकटतही नाहीत. 1936 मध्ये जेली आणि शाइबे यांनी पुंजके करून चमकणारी रंगद्रव्यं दाखवली होती, स्टोक्सची 1853 ची नोंद तर होतीच. तरीही श्रेय तांग यांचंच. सुट्या नोंदींचा त्यांनी एक प्रश्न केला आणि ठोस उत्तर दिलं.

क्वांटम डॉट्सची गोष्टही मुरण्याचीच. 1993 मध्ये बावेंडींच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडचे एकसारख्या आकाराचे कण बनवले, आकार बदलला की रंग बदले. पण एवढ्याशा कणात बराचसा माल पृष्ठभागावरच असतो आणि तिथले अपुरे बंध इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात. 1996 मध्ये हाइन्स आणि ग्यो-सिओनेस्त यांनी कणावर झिंक सल्फाइडचं कवच चढवलं आणि क्वांटम यील्ड पन्नास टक्क्यांवर नेलं. 2023 चं नोबेल कण शोधणाऱ्यांना आणि नीट बनवणाऱ्यांना मिळालं, कवचवाल्यांना नाही. टीव्हीच्या पडद्यापर्यंत डॉट्स पोचले ते मात्र कवचामुळे.

उजेड विझणं हेच काम, असं मानणाराही एक मोठा प्रवाह आहे. एमआयटीतल्या टिमोथी स्वॅगर यांनी 1990 च्या दशकात लांब साखळीचे चमकणारे पॉलिमर बनवले. साखळीवर कुठेही टीएनटीचा एक रेणू बसला की ऊर्जा भटकत तिथवर जाते आणि सबंध साखळी मंदावते. त्यातून बॉम्ब हुंगणारी उपकरणं निघाली. पुढे मात्र याचा रतीब झाला. पिक्रिक आम्ल हे स्फोटक ओळखणारे ‘टर्न-ऑफ सेन्सर’ जगभरातून, आपल्याकडूनही, शेकड्यांनी छापले गेले. पिक्रिक आम्ल स्वतः पिवळं असतं, ते दिव्याचाच प्रकाश गिळतं आणि चमक कमी दिसते. संवेदन वगैरे काहीही न होता. ही दुरुस्ती न करता काढलेले आलेख मी सरसकट बाजूला ठेवतो. कार्बन डॉट्सचं तेच. 2004 मध्ये कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना कचरा म्हणून ते सापडले, 2012 मध्ये राउरकेल्याच्या गटाने संत्र्याच्या रसापासून बनवले, आणि मग स्वयंपाकघरातलं काही शिल्लक राहिलं नाही. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइनपासून बनवलेल्या कणांची बरीचशी चमक कणाची नसून सोबत तयार झालेल्या एका साध्या छोट्या रेणूची आहे, हे 2015 मध्ये दाखवलं गेलं. नमुना नीट डायलिसिस करून शुद्ध करणं कंटाळवाणं असतं, एवढंच.

सगळ्यात महागडी गळती ओएलईडीतली. 1987 मध्ये कोडॅकच्या तांग (हे तांग वेगळे) आणि व्हॅन स्लाइक यांनी पातळ सेंद्रिय थरांतून वीज सोडून प्रकाश काढला. पण विजेने उत्तेजित केलेल्या रेणूंपैकी चारातला एकच चमकायच्या अवस्थेत येतो. उरलेले तिघे ट्रिपलेटमध्ये अडकतात आणि उष्णता होऊन जातात. 1998 मध्ये प्लॅटिनम, मग इरिडियम घालून हे तिघेही प्रकाशात आणले गेले. क्यूशू विद्यापीठातल्या आदाची यांनी 2012 मध्ये महाग धातूशिवाय तेच साधलं. दोन अवस्थांमधलं अंतर इतकं कमी केलं की खोलीच्या तापमानाची ऊब ट्रिपलेटला परत वर ढकलायला पुरते. लाल आणि हिरव्याचं जमलं. निळा अडला, कारण निळ्या प्रकाशाची ऊर्जा रेणूतले काही बंध तोडण्याएवढी असते, आणि जितका वेळ ती ट्रिपलेटमध्ये साठून राहते तितका रेणू मोडायचा धोका वाढतो. म्हणून फोनच्या पडद्यांत लाल-हिरव्यासाठी इरिडियम आलं तरी निळ्यासाठी वर्षानुवर्षं साधा फ्लुओरेसंट रेणूच राहिला, बरीचशी ऊर्जा वाया घालवणारा पण टिकणारा. 2021 च्या अखेरीस एलजी डिस्प्लेने टीव्हीच्या पडद्यांसाठी एक उपाय जाहीर केला. रेणूतल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम. रसायन तेच राहतं, बंध मात्र थोडा चिवट होतो आणि त्याची कंपनं मंदावतात.