फौजेची शिट्टी थांबली, तरी पाय थांबू नयेत

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) हे गाव सैनिकांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. घरटी एक माणूस फौजेत, अशी परंपरा पश्चिम महाराष्ट्रातल्या आणखीही काही गावांत आहे. पण पेन्शनवर गावी आलेला जवान काही म्हातारा नसतो. शिपाई म्हणून भरती झालेला गडी चाळिशीच्या आसपास घरी येतो. निम्मे आयुष्य अजून पुढे असते. ते शेतात जाणार की दवाखान्यात, हे बरेचसे त्याच्याच हाती असते.

ताट तेवढेच, मेहनत कमी

पलटणीत पहाटे पीटी, संध्याकाळी खेळ, शिवाय शस्त्र व सामानासह पाच किलोमीटर धावण्याची चाचणी. तेवढ्या मेहनतीत लंगरचे भरपेट जेवण जिरून जाते. गावी आल्यावर शिट्टी बंद होते, ताट मात्र तेवढेच राहते. त्यात पाहुणचार, जत्रेचे मटण, कॅन्टीनची बाटली आणि बांधापर्यंत मोटारसायकल. ‘लई पळालो, आता आराम’ म्हणता म्हणता पट्टा आखूड पडू लागतो.

पुरुषाची कंबर ३५ इंचांपुढे गेली की सावध व्हावे. रक्तदाब १४०/९० किंवा उपाशीपोटी साखर १२६ च्या घरात अगर वर निघाली, तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावे. ही दुखणी सुरुवातीला दुखतच नाहीत. म्हणून ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणारा फौजीच फसतो.

रानात राबणे पुरेसे नाही

‘रानात राबतोय की’ असे उत्तर हमखास मिळते. पण शेतकाम हंगामी असते. ट्रॅक्टरवर बसणे किंवा मोटार चालू करून येणे हा व्यायाम नव्हे. आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालावे, दोन दिवस झेपतील तेवढ्या जोर-बैठका काढाव्यात. गुडघे धरले असतील तर बैठका सोडून सायकल चालवावी. मीठ, दारू कमी करावी, तंबाखू सोडावी.

वर्ष-दोन वर्षे खंड पडलेल्याने भरतीच्या पोरांबरोबर एकदम १६०० मीटर पळू नये. आधी तपासणी, मग महिना-दीड महिना चालणे, त्यानंतर हळू पळणे. छातीत दाब आला, हाताला कळ लागली, दरदरून घाम फुटला, तर ‘पित्त झालंय’ म्हणून घरी थांबू नये. तडक १०८ ला फोन करावा.

गावाने काय करावे?

पेन्शनर माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबासाठी २००३ पासून ‘ईसीएचएस’ योजना आहे. कार्ड कपाटात ठेवून भागत नाही, वर्षातून एकदा तपासणीला जावे. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जे चार वर्षांनी परत येतील, त्यांना पेन्शनही नाही आणि ही सोयही नाही. त्यांची काळजी गावालाच घ्यावी लागेल. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ग्रामपंचायतीने आशाताईंना सांगून माजी सैनिकांची यादी करावी व एक दिवस ठरवून सर्वांना बोलवावे.

शाळेचे मैदान पहाटे खुले करून भरतीच्या मुलांची तयारी माजी सैनिकांकडे सोपवावी. मुलांना फुकटात उस्ताद मिळेल आणि उस्तादाचीही पीटी चुकणार नाही.