कामाला लागलेलं गाणं

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जगदीश खेबूडकरांनी ‘पिंजरा’साठी लावण्या लिहिताना ही समजूत उचलली, नायिकेच्या तोंडी घातली आणि १९७२ साली आलेली ती लावणी अजूनही ऐकू येते. राम कदमांची चाल फक्कड आहे, उषा मंगेशकरांनी ती गायलीही तशीच ठसक्यात. गीतकाराचं श्रेय मात्र एवढंच आणि एवढं मोठं: पहिली ओळ कानावर पडते न पडते तोच ऐकणाऱ्याला ती आपल्या घरातली वाटते.

‘गाणं हिट कशानं होतं?’ असं विचारलं की बहुतेक जण चालीकडं बोट दाखवतात, नाहीतर नशिबाकडं. नशिबाची बाजू तर प्रयोगानंही तपासून झाली आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर १४ हजारांहून जास्त लोकांपुढं अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडाही त्यांना दाखवला. २००६ साली निष्कर्ष छापून आले. आकडे दिसू लागताच लोक गर्दीमागं गेले आणि गटागटांत वेगवेगळी गाणी डोक्यावर घेतली गेली. अगदी चांगलं गाणं क्वचितच तळाला गेलं, अगदी टाकाऊ क्वचितच वर आलं. मधल्या साऱ्यांचा कारभार रामभरोसे.

मग गीतकाराच्या हातात उरतं काय? याचं उत्तर शोधायला कोल्हापूर बरं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, ‘प्रभात’ १९२९ मध्ये इथंच सुरू झाली, सुधीर फडके जन्मले तेही इथं. आणि १९३२ ते २०११ असं आयुष्य लाभलेले खेबूडकर याच मातीतले. पेशानं शिक्षक. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत राहतं घर जळालं, तेव्हा सोळाव्या वर्षी या मुलानं ‘मानवते, तू विधवा झालीस’ हे दीर्घकाव्य लिहिलं. पुढं त्याच हातानं सुमारे सव्वातीनशे चित्रपटांसाठी गाणी लिहिली. मापात लिहिली, मागणीप्रमाणं लिहिली. कवी मंडळी याकडं जरा नाक मुरडून बघतात. मला ते पटत नाही.

चालीवर लिहिणं म्हणजे काय, ते एकदा बघावं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो, मीटर देतो; मात्रा त्याच्या, शब्द तुमचे. स्वर जिथं लांबणार तिथं आकार-ओकार हवा, जोडाक्षर आलं की गळा अडखळतो. सम पडेल तिथं वजनदार शब्द हवा, ‘आणि’, ‘पण’ असली भरती नको. मुखडा तर प्रत्येक कडव्यानंतर परत येणार, म्हणून त्यात पहिल्या झटक्यात सगळं सांगून टाकायचं नसतं. पुन्हा पुन्हा म्हणावासा वाटेल इतका तो मोकळा ठेवायचा. तमाशातल्या बाईच्या तोंडी प्राध्यापकी मराठी आली की तंबूतलं पब्लिक विडी प्यायला बाहेर जाणार, हीही जाण हवी.

एवढं साधलं तरी गाणं फार तर चांगलं होतं. ते चालतं कधी? माझ्या मते, लोकांच्या रोजच्या जगण्यात त्याला एखादं काम मिळतं तेव्हा. पी. सावळारामांचं ‘गंगा जमुना’ घ्या. लेक सासरी निघाली की घरातल्या माणसांना बोलायला सुचत नाही. तिथं हे गाणं धावून आलं. पुढं लग्नातला बँडवाला क्लॅरनेटवर नुसती चाल वाजवायचा आणि मांडवातल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या, कारण शब्द त्यांच्याजवळ आधीच होते. खेबूडकरांच्या ‘देहाची तिजोरी’ला भजनात जागा मिळाली, ‘आकाशी झेप घे’ला शाळेच्या स्नेहसंमेलनात. १९७९ च्या ‘अष्टविनायक’मधलं त्यांचं महिमागीत तर थेट यात्रेचं टिपणच आहे. आठ गणपतींची आठ ठिकाणं, ऐन गाण्यात. इतकं लांबलचक गाणं खरं तर चालू नये, पण दर भाद्रपदात मंडपाला ते लागतंच.

‘सैराट’च्या ‘झिंगाट’ला २०१६ मध्ये वरातीचं काम लागलं. दोन वर्षांनी हिंदीत ‘धडक’ आला: संगीतकार तेच अजय-अतुल, चालही तीच, शब्द तेवढे अमिताभ भट्टाचार्य यांचे. आमच्याकडच्या वरातीत डॉल्बीवर अजून मराठीच वाजतं. चालच सगळं करते म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

या कामाचा पगार कोण देतं, हा वेगळा विषय. गाणं थिएटरबाहेर वापरलं गेलं की रॉयल्टीत गीतकाराचा वाटा हक्क घेणाऱ्या निर्मात्याएवढा, आणि तो त्याला लिहून देता येणार नाही, अशी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झाली. खेबूडकर त्याच्या आदल्या वर्षी, ३ मे २०११ ला गेले. शिवाय याच कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधीला सूट आहे, आणि लग्नाची वरातही त्यातच धरलेली आहे.